देव बॅगेत वर ठेवावेत की खाली? चिंचवड ते तिकोणा पेठ, मोटरसायकलवरून

चैत्रात माझ्या धाकट्या जावेचा, सुनंदाचा, फोन आला. तिकोणा पेठेला भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, नवं घर बांधलंय. अक्षय तृतीयेला वास्तुशांत ठरली होती आणि त्याच दिवशी घरात देव बसवायचे होते. "ताई, तुम्ही देव घेऊन आल्याशिवाय काहीच होणार नाही बघा," ती म्हणाली.

आमच्या घराण्यात अशी रीत आहे की धाकट्याची चूल वेगळी झाली की त्याच्या घरी देवांचे नवे टाक करतात. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले देव. पण नव्या टाकांची नुसती पूजा करून भागत नाही. थोरल्या घरचे जुने टाक आणून दोन्ही एका ताम्हणात शेजारी बसवायचे आणि एकाच धारेखाली अभिषेक करायचा. मग नव्यात देवपण येतं. जुने टाक माझ्याकडे असतात. खंडोबा, भवानी, भैरोबा, एकवीरा आई आणि घराण्यातला एक वीर. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी ते माझ्या ओटीत घातले, तेव्हापासून रोज घासणं-पुसणं, हळदकुंकू, नैवेद्य सगळं मीच करते. घासून घासून भैरोबाचं नाक सपाट झालंय आणि पत्रा इतका पातळ झालाय की बोटानं दाबला तर वाकेल.

सुनंदाच्या हातून फोन सासूबाईंनी घेतला. मी त्यांना आत्या म्हणते. त्या गावीच राहतात, भाऊजींकडे.

"हे बग, निघाल्यापासनं पोचंपोत्तर देव भुईला टेकवायचे न्हाईत. आन वाकडंतिकडं काय झालं तर खंडित म्हनून पाण्यात सोडावं लागत्यात, ध्यानात ठिव."

"हो आत्या."

"घिऊन ये. मंग बगू, जुनं कुटं ऱ्हायाचं आन नवं कुटं."

हे 'मग बघू' माझ्या डोक्यात घोळत राहिलं ते थेट वास्तुशांतीपर्यंत. आत्यांच्या मनात काय होतं ते मला कळेना. जुने देव गावीच ठेवून घ्यायचे आणि नवे मला द्यायचे, असं तर नाही ना? विचारायची हिंमत झाली नाही.

एसटीत आणि जीपमध्ये गर्दीत देव मांडीवर घेऊन जायचं म्हणजे कुणाचा पाय लागेल, कुणाची पिशवी. भाड्याच्या गाडीचा दर ऐकून मी फोन ठेवून दिला. शिवाय नव्या घराकडे जाणारा चढ अजून कच्चाच आहे, छोटी गाडी तिथे टेकते. आणि आमच्या यांना तर निमित्तच हवं होतं. यांनी गेल्या वर्षी कंपनीतल्या एकाकडून जुनी मोटरसायकल घेतली, ती डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी उंच जातीची, घोड्यासारखी. मला तिच्यावर बसायला आधी पायरीवर उभं राहावं लागतं. हे म्हणाले, "मागे एक चांगली बॅग लावू. देव ऐटीत येतील."

म्हणून आधी बॅगेची गोष्ट सांगते. तुमच्यापैकी कुणी असं सामान घेऊन जोडीनं निघणार असाल तर उपयोगी पडेल.

देव नेण्यासाठी मी वेताची छोटी करंडी काढली. लोखंडात मी देव ठेवत नाही आणि पितळेचा डबा जड होतो. करंडीत तांदळाचा थर, त्यावर लाल खणात टाक, वरून पुन्हा तांदूळ. ही करंडी घेऊनच मी नाना पेठेतल्या दुकानात गेले. अंदाजानं बॅग घ्यायची आणि मग ती पुरत नाही म्हणून दुसरी घ्यायची, हे मला परवडत नाही.

दुकानदार पोरसवदा पण बोलका. त्यानं पहिली काढली ती चामड्याची. मी म्हटलं, "ही नको. ह्यात सोवळ्यातलं ठेवायचंय." दुसरी घट्ट पेटीसारखी होती, पण तिच्यासाठी गाडीला मागे लोखंडी सांगाडा बसवावा लागणार होता. यांच्या गाडीची शेपटी निमुळती, तिथे एक हातभर फळीच काय ती आहे. तिसरी होती कापडी, जाड, वरून गुंडाळून बंद करायची, आत पाणी न शिरणारी.

मी तिच्यात करंडी घालून बघायला लागले तसा तो म्हणाला, "मावशी, हेल्मेट ठेवायचंय का?"

"नाही रे. देव."

तो म्हणाला, "मग पावसाचं कव्हर माझ्याकडनं. देवाचे पैसे नाही घेत."

"बॅगेचेही घेऊ नकोस मग," हे म्हणाले. त्यावर तो हसला, पण बॅगेचे चोवीसशे पन्नास घेतलेच. अठ्ठावीसशेवरून खाली आणायला मला तिथे बराच वेळ उभं राहावं लागलं. पैसे घेतल्यावर त्यानं एक गोष्ट सांगितली, ती तुम्हीही ऐका. ह्या जातीच्या गाडीचा सायलेन्सर खालून न जाता उजव्या अंगानं वर चढत सीटजवळ येतो, पाण्यातून जाताना बुडू नये म्हणून. तेव्हा बॅग उजवीकडे कलता कामा नये आणि पट्ट्याचं एकही टोक लोंबतं राहता कामा नये. "चार बोटं अंतर पाहिजेच काका. तिथे पापड भाजेल."

निघायच्या दिवशी पहाटे अंघोळ, पूजा, आरती केली आणि देवांना सांगितलं की चला, धाकट्या घरी जाऊन येऊ. बॅग लावायला यांनी सुरुवात केली. दोन पट्टे सीटखालून काढून बॅगेच्या खालच्या कड्यांना, दोन मागच्या फळीला, आणि एक वरून आडवा, सगळ्याला आवळून धरणारा. इथपर्यंत ठीक. मग भरण्यावरून आमचं जुंपलं.

"जड ते खाली आणि सीटच्या बाजूला," हे म्हणाले. "करंडीत दोन किलो तांदूळ आहे, ती तळाला जाऊ दे. कपडे वर."

"देवांच्या डोक्यावर कपडे?"

"अगं, बॅग डुलेल."

"डुलू दे. सुनंदाची साडी, भाऊजींचा टॉवेल-टोपी आणि तुमचे पायजमे देवांच्या डोक्यावर ठेवून मी तिथे जाऊ? आत्या दारातनं आत घेतील का मला?"

ह्यांनी हात जोडले आणि करंडी सगळ्यात वर ठेवली. मग वरचा पट्टा ओढला तशी वेताची करंडी करकरली. मी ओरडलेच, "अहो, आवळू नका! देव वाकतील!" ह्यांनी पट्टा ढिला केला. मी बोट घालून बघितलं, बोट सहज जात होतं. म्हटलं, आता बरोबर.

जुन्या हायवेनं देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत असं सकाळच्या थंडाव्यात बरं चाललं होतं. मला मात्र दर थोड्या वेळानं हात मागे नेऊन करंडी आहे का ते चाचपायची खोड लागली. हे म्हणाले, "सारखी हलू नकोस, तोल जातो." तेवढ्यात माझ्या पर्समध्ये फोन वाजला. रस्त्याकडेला थांबलो. आत्या.

"देव कुटवर आलं?"

"कामशेत सोडलं, आत्या."

"बरं." फोन बंद.

कामशेतहून उजवा-डावा विचार न करता पवनानगरकडे वळलं असतं तर लवकर पोचलो असतो. पण एवढे देव घरातून बाहेर काढलेत तर कार्ल्याला एकवीरा आईच्या पायाशी नेऊन आणावेत असं मला वाटत होतं आणि ह्यांना लोणावळ्यावरून दुधिवरे खिंडीचा रस्ता चालवायचा होता. दोघांच्या हौशीला हा लांबचा रस्ता. कार्ल्याला गाडी खाली लावली, वरचा पट्टा सोडला, करंडी काढून घेतली आणि छातीशी धरून पायऱ्या चढले. दुपारी जाऊ नका, पायऱ्या तापतात. चप्पल सोडताना प्रसादाच्या दुकानातली बाई म्हणाली, "द्या मावशी इकडं, ठेवते फळीवर. मोकळ्या हातानं दर्शन घ्या."

"नको बाई, कुठं टेकवायची नाही."

"मग नमस्कार कसा करणार?"

खरंच, त्याचा विचार केला नव्हता. आईपुढे उभी राहिले तेव्हा हात जोडता येईनात. नुसती मान लववली. मनात म्हटलं, आई, तुझं तूच बघून घे, ही करंडी माझ्याकडेच राहू दे. मागून रेटा आला तशी पुढे सरकले. मागितलं ते योग्य की अयोग्य, हे कळायलाही वेळ मिळाला नाही.

लोणावळ्यात चिक्की घ्यायची होती, पोरांसाठी. बाजाराच्या रस्त्यावर तुम्ही सुट्टीच्या दिवसात गेलात तर गाडी लावायलाच जीव जातो, दुचाकीचं तेवढं बरं. वडापाव खाल्ला, चहा प्यायलो. मग मला बायकांच्या सोयीसाठी हॉटेलात आत जायचं होतं. तिथे देव कसे नेणार? करंडी ह्यांच्या हातात दिली आणि बजावलं, "दोन्ही हातांनी धरा."

परत आले तर ह्यांच्यापुढे एक मोठी गाडी उभी, काच खाली केलेली, आणि आतली बाई विचारतेय, "भैया, करवंद कैसे दिये?"

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. वेताची करंडी, लाल कापड, उन्हाळ्याचे दिवस, रस्त्याच्या कडेला उभा माणूस. त्या बाईची तरी काय चूक.

"बेचने का नहीं है ताई, भगवान है."

त्या बाईनं घाबरून काच वर केली. मला हसू आवरेना, आणि त्याच हसण्याच्या भरात आम्ही करंडी बॅगेत ठेवली, बॅगेचं तोंड गुंडाळलं, वरचा पट्टा अडकवला. सकाळपासून तिसऱ्यांदा तो पट्टा सुटून बांधला जात होता. मी नेहमीसारखं म्हटलं, "फार आवळू नका." ह्यांनी नेहमीसारखं ऐकलं. उजव्या बाजूला पट्ट्याचं टोक उरलं होतं, ते दुमडून खोचलं की नाही, ते आता दोघांनाही आठवत नाही.

लोणावळ्याची गर्दी सुटली की दुधिवरे खिंडीचा रस्ता अगदी वेगळा आहे. मध्ये मध्ये काँक्रीट, मध्ये मध्ये उखडलेलं, खडी पसरलेली. ह्यांना त्यातच आनंद. खड्डा आला की हे पायांवर उभे राहत आणि मी मागे 'जय मल्हार' म्हणत घट्ट बसे. बॅग डुलत होती. माझ्या पाठीला ती एकदा लागे आणि एकदा सुटे, त्यावरून मला कळत होतं. मी म्हटलं, "अहो, हलतेय." हे म्हणाले, "सकाळीच सांगितलं होतं."

खिंड ओलांडून उतार लागला. खाली धरणाचं पाणी दिसायला लागलं, कडेनं तंबूंच्या रांगा. डोंगराच्या अंगाला ठिकठिकाणी काळे चौकोन आणि त्यातून धूर. आमच्या मावळात भाताचं रोप टाकायच्या आधी शेताच्या त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. माझं माहेर नाणे गावाकडचं, त्यामुळे तो वास लहानपणापासून नाकात बसलेला. मला वास आला तसा मी म्हटलं, "राब भाजतायत बघा."

"हं," हे म्हणाले.

थोडं पुढे गेल्यावर वास वाढला. मी म्हटलं, "अजून भाजतायत वाटतं. उशीरच केला यंदा लोकांनी."

"प्लास्टिक टाकलं असेल कुणीतरी त्यात," हे म्हणाले.

आणखी एक वळण झालं. समोरून वर चढणारी शेअर जीप आमच्या बाजूनं गेली, आणि मागून जोरजोरात हॉर्न आणि ओरडणं ऐकू आलं.

"ओ भाऊ! थांबा! थांबा की! पेटलीया बॅग तुमची!"

ह्यांनी ब्रेक दाबला. मी मागे वळले तर माझ्या उजव्या मांडीजवळून धूर. बॅग पूर्ण उजवीकडे कलून सायलेन्सरवर बसली होती, कोपरा काळा पडून आत खचत होता आणि त्याच्या मधोमध एक लाल कड पुढे पुढे सरकत होती.

काय केलं ते मला नीट आठवत नाही. गाडीवरून मी नेहमी आधार घेऊन उतरते, तेव्हा उडीच मारली असणार. बॅगेचं तोंड उघडायला पट्टा सोडावा लागतो, तो सोडायला दोन हात लागतात, आणि हे गाडी पाडू नये म्हणून तिला धरून उभे. मी पट्टा सोडला नाही. तो इतका ढिला होता की तोंडाची गुंडाळी उलगडून करंडी त्याच्याखालूनच ओढून काढता आली. तांदूळ भराभर रस्त्यावर सांडले. करंडी छातीशी धरून मी बाजूला झाले आणि हे पाण्याची बाटली बॅगेवर ओतू लागले. जीपवाला धावत आला, त्यानं स्वतःचा पाण्याचा कॅन आणून उरलेलं विझवलं.

जीपमधली माणसंही उतरली. फेटा बांधलेले एक म्हातारे बाबा पुढे आले.

"काय व्हतं त्यात?"

"देव होते, आबा."

"आरं देवा! जळालं?"

"नाही, नाही. हे काय, माझ्याकडे."

"मंग ठिवा की हितं सावलीला दगडावर. वाईच दम घ्या."

"भुईला टेकवायचे नाहीत."

"दगड म्हंजी काय भुई हाय का?" आबा म्हणाले. मी करंडी आणखी घट्ट धरली. माझं सगळं लक्ष करंडीच्या आतल्या त्या पाच पत्र्यांकडे. खण उलगडून बघायचं धैर्य होईना. एखादा वाकला असेल तर? खंडित झाला असेल तर? वास्तुशांत उद्या. गुरुजी, पाहुणे, मांडव. आणि आत्या. 'मग बघू' म्हणणाऱ्या आत्या. जळकी बॅग घेऊन मी दारात उभी राहणार, म्हणजे त्यांना बघायला काही उरणारच नव्हतं.

जीपमधून एक बाई म्हणाली, "मावशी, मी पुढं बसते, तुमी मागं बसा देव घिऊन. गाडी फिरवून सोडतो तुमाला पवनानगरला." मी आत डोकावले. सीटच्या मध्ये धरणाच्या मासळीची पाटी, ओल्या पोत्यानं झाकलेली. मी एक पाऊल मागे सरले, ते तिनं बघितलं.

"आवं, एकवीरा आईला काय वरणभात चालतो व्हय?" ती म्हणाली. सगळे हसले. रागावली नाही ती. उलट पाटीवरचं एक ओलं पोतं काढून ह्यांना दिलं, बॅगेला लावायला.

बॅगेचा उजवा तळ गेला होता. आतलं बघितलं. भाऊजींच्या टॉवेलला काही झालं नव्हतं. चिक्की पाघळून गोळा झाली होती. सुनंदाची साडी घडीसकट एका कोपऱ्यात जळाली होती, आणि उलगडल्यावर दर हातावर एक असं भोक. यांचा एक पायजमा तर कामातूनच गेला. सायलेन्सरवर पट्ट्याचं टोक वितळून काकवीसारखं चिकटलं होतं.

हे बॅगेकडे बघत म्हणाले, "करंडी तळाला असती तर बॅग कललीच नसती."

मी म्हटलं, "करंडी तळाला असती तर ह्या भोकाशी देव असते."

जीपवाल्यानं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाला, "आदी बांदून घेऊ का, भाऊ? भांडान सावकास करा." त्यानं सामान बांधायची ट्यूबची पट्टी दिली. ह्यांनी बॅग चपटी करून, ओलं पोतं उजवीकडे घालून, करकचून आवळली. पैसे देऊ केले तर त्यानं हात मागे घेतला. म्हणाला, परत जाताना पट्टी पवनानगरच्या कॉलनीतल्या टपरीवर ठेवा.

देव मात्र आता बॅगेत जाणार नव्हते. मी करंडी पोटाशी घेऊन बसले, पुढे ह्यांची पाठ, मागे ओली बॅग. दोन्ही हात करंडीला, म्हणजे धरायला काही नाही. उतारावर मी पुढे सरकायची आणि करंडी ह्यांच्या पाठीत रुतायची. चढावर मागच्या ओल्या बॅगेवर रेलायची. धरणाच्या कडेनं, पवनानगरच्या चौकातून, तिकोण्याची टोकदार शेंडी समोर ठेवून आम्ही बैलगाडीच्या वेगानं गेलो. मागून येणारी पोरं ओरडून पुढे गेली, "काका, दुसरा गिअर टाका!" वाटेत फोन वाजत राहिला. उचलणार कशी?

नव्या घराचा कच्चा चढ आला तेव्हा हे म्हणाले, "उतरतेस?" उतरायला हात लागतो. म्हटलं, "चला तशीच." खडीत चाक एकदा घसरलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मांडव समोर होता.

दारात सुनंदा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन उभी, शेजारी आत्या.

"फोन का उचलना? देव कुटं हायेत?" मग माझ्या पंजाबी ड्रेसकडे बघून, "आन ह्यो कसला वेश?"

सुनंदानं तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. देव पाटावर ठेवायची वेळ आली तर माझी बोटं करंडीवरून सुटेनात. आखडून गेली होती. सुनंदानं एकेक बोट धरून सोडवलं. आत्या ते बघत होत्या. मग त्या बाहेर गेल्या, बॅगेपाशी उभ्या राहिल्या, भोकात हात घालून बघितला आणि परत आल्या.

"देव कुटं व्हतं?"

"सगळ्यात वर," मी म्हटलं. आता हे बोलतील असं मला वाटलं. हे अंगणातल्या विहिरीकडे बघत उभे राहिले.

आत्यांनी स्वतः खण उलगडला. पाचही टाक. भैरोबा तांदळात पालथा पडला होता, त्याला उचलून उजेडात धरला, अंगठा फिरवला. "सरळ हाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. बस, एवढंच. त्यावरून काय समजायचं?

साडी देताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरी देईन म्हटलं. सुनंदानं ती अंगाला लावून बघितली आणि म्हणाली, "पदराला भोक नाहीये ना ताई? मग बाकीची निऱ्यांत जातील." आणि दुसऱ्या दिवशी तीच नेसून पूजेला बसली.

अभिषेक झाला. एका ताम्हणात जुने आणि नवे असे दहा टाक दुधात न्हात होते. नव्यांची नाकं धारदार, डोळे ठळक, चकाकी अशी की नजर तिकडेच जावी. गुरुजींनी ते पुसून पाटावर मांडले आणि विचारलं, "आई, कुठले इथे बसवायचे?"

भाऊजी आत्यांकडे बघू लागले. हेही. मी पाटाच्या कडेवरच्या हळदीच्या डागाकडे. माझ्या नाकात तो जळका वास परत आला.

आत्या म्हणाल्या, "नवं हितं. सुनंदाला चकचकीत आवडतंय." मग माझ्याकडे हात केला. "हे झिजल्यालं ने तुजं तू. भैरोबाचं नाक घालवलंस घासून घासून, आता ऱ्हायलंय त्ये बी घालीव."

सगळे हसले. मी मान खाली घालून करंडी ओढली आणि नवे तांदूळ घालायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं ते धुरावर ढकललं, होमाचा धूर होताच.

परत येताना कामशेतच्या रस्त्यानं आलो. तो रस्ता सरळ आहे, तुम्ही पहिल्यांदा जात असाल तर ह्याच रस्त्यानं जा. ट्यूबची पट्टी टपरीवर दिली. त्याऐवजी भाऊजींनी नवा पट्टा आणून ठेवला होता. बॅगेच्या भोकाला सुनंदानं आतून-बाहेरून खणाचा जाड तुकडा शिवून दिला होता. भरताना ह्यांनी मला विचारलं, "वर की खाली?"

मी थोडा विचार केला. "मध्ये," म्हटलं. खाली भाऊजींनी दिलेले इंद्रायणी तांदूळ, सीटला टेकून. वर नवा कोरा टॉवेल, कुणाच्या अंगाला न लागलेला. तो चालेल असं मीच ठरवलं. ह्यांनी पट्टा हातात घेतला आणि माझ्याकडे बघत थांबले. करंडी करकरली तशी मी दुसरीकडे बघितलं आणि म्हटलं, "आवळा." सायलेन्सरकडे चार बोटं घालून बघितलं, चार बोटं आत गेली. वाटेत एकदा थांबून पुन्हा आवळला. नवा पट्टा पहिल्या काही मैलांत सैल होतोच, हे लक्षात ठेवा.

ह्या प्रवासाला पेट्रोल, चहापाणी, चिक्की मिळून फार काही लागलं नाही. बॅग आणि जळालेले कपडे धरले तर मात्र भाड्याची गाडी स्वस्त पडली असती. हे मी यांना सांगितलेलं नाही. आमचं भांडण अजून चालू आहे. हे पाहुण्यांना सांगतात की देव वर होते म्हणून बॅग जळाली. मी सांगते की देव वर होते म्हणून वाचले. दोघंही खरंच सांगतो, त्यामुळे ते मिटायचं काही लक्षण नाही. कुठे रान जळल्याचा वास आला की मी आता आधी मागे वळून बघते.

घरी पोचलो, देव देव्हाऱ्यात बसवले, दिवा लावला. हात जोडले. कार्ल्याला राहिलेला नमस्कार तेव्हा झाला. तेवढ्यात फोन वाजला. आत्या. मी उत्तर तयार ठेवूनच उचलला, की हो, देव पोचले, सरळ आहेत.

"पोचलीस का गं?" त्या म्हणाल्या.



"पोचले, आत्या," मी म्हटलं. "सगळे पोचलो."